पाण्याखालचा चंद्र

काही निबंध असे असतात की, प्रथम वाचताना ते नुसते गमतीचे वाटतात. पुढे कधीतरी आपल्याच गल्लीत एखादी गोष्ट घडते आणि मग त्या गमतीच्या पोटात काय होते ते उमगते. जॉर्ज ऑर्वेल याचा 'पाण्याखालचा चंद्र' हा निबंध माझ्यापुरता तरी या जातीचा ठरला. बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेल्या या इंग्रज लेखकाने तो ९ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या पत्रात प्रसिद्ध केला. निबंध अवघ्या दोन-तीन पानांचा. विषय म्हणाल तर लेखकाच्या आवडीचे एक मद्यगृह. त्याचे जे नाव तेच निबंधाचे नाव. ज्या घरांत मद्याला उंबरठा ओलांडू दिला जात नाही अशा घरांतील वाचकांनी, हा विषय आपला नव्हे असे म्हणून पान उलटू नये, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो. या निबंधात बिअरपेक्षा शेजाराविषयी अधिक लिहिले आहे.

ऑर्वेलच्या या मद्यगृहाची मांडणी पाहण्यासारखी आहे. बसथांब्यापासून ते दोनच मिनिटांच्या अंतरावर, पण आडगल्लीत. त्यामुळे दंगेखोरांची पावले तिकडे वळत नाहीत. आतील लाकूडकाम, आरसे, ओतीव लोखंडाच्या शेकोट्या ही सारी व्हिक्टोरिया राणीच्या काळची. काचेच्या पृष्ठाची मेजे तेथे नाहीत, आणि जुनेपणाचा आव आणणाऱ्या खोट्या तुळयाही नाहीत. रेडिओ नाही, पियानो नाही. त्यामुळे एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येते. येणारे बहुतेक लोक 'नेहमीचे'. ते रोज त्याच खुर्चीवर बसतात आणि पेयाइतकेच गप्पांसाठीही येतात. वाढणाऱ्या प्रौढ स्त्रिया त्यांना नावाने ओळखतात. तेथे टपालाची तिकिटे मिळतात, डोकेदुखीची गोळी मिळते. मागल्या बाजूस बाग आहे, तीत मुलांसाठी झोपाळे आहेत. त्यामुळे सारे कुटुंबच्या कुटुंब तेथे येऊ शकते. हे सर्व रंगवून सांगितल्यावर लेखक हळूच कबूल करतो की, असे मद्यगृह कोठेही अस्तित्वात नाही. दहा गुण त्याने मोजले. त्यांपैकी आठ गुण असलेले एक ठिकाण त्याला ठाऊक आहे, दहाही असलेले एकही नाही. कोणास असे ठिकाण माहीत असल्यास कळवावे, मग त्याचे नाव कितीही रूक्ष का असेना, असे म्हणून तो निबंध संपवतो.

हा निबंध कपाटातून पुन्हा काढण्याचा प्रसंग मजवर अंधेरीच्या पूर्वेकडील एका परमिट रूममुळे आला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले माझे एक वडीलधारे स्नेही आठवड्यातून दोनदा तेथे जात. मी स्वतः पीत नाही. पण त्यांच्याबरोबर बसून सोडा आणि तळलेला बांगडा यांवर मी तेथे पुष्कळ संध्याकाळी काढल्या आहेत. जागा सुंदर नव्हती. रस्त्याकडील काच काळी, आत ट्यूबलाइटचा फिकट उजेड, रेक्झिनची फाटलेली बाके, भिंतीत एक माशांची पेटी आणि गल्ल्याच्या डोक्यावर देवाची तसबीर व तिच्यापुढे लाल दिवा. पण मेजावर आपोआप चकणा येई, सायंकाळचे मराठी वर्तमानपत्र चार मेजांवरून फिरून येई, आणि उडुपीकडून लहानपणीच मुंबईस आलेला वृद्ध वेटर माझ्या स्नेह्यांना पाहताच "बसा काका" एवढेच म्हणे. काय आणायचे हे त्याने विचारल्याचे मी कधी ऐकले नाही. महिनाअखेरची उधारी तो तोंडपाठ ठेवी आणि पहिल्या आठवड्यात न मागता वसूल होई.

दोन वर्षांपूर्वी मालकाने जागेचा कायापालट केला. काळी काच जाऊन तिच्या जागी छतापासून जमिनीपर्यंत स्वच्छ काच आली. बाकांच्या जागी उंच तिवया आल्या. सत्तरीच्या माणसाने त्यांवर चढावे कसे आणि उतरावे कसे, याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. पदार्थांची यादी मोबाइलवर उघडावी लागू लागली. चकणा गेला, उधारी गेली, वर्तमानपत्र गेले. गाणी आली, आणि ती इतक्या जोराने की शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागे. वृद्ध वेटर गावी गेला आणि काळे टी-शर्ट घातलेली तरतरीत मुले आली. त्यांतला एक नम्रपणे म्हणाला, "सर, रिझर्व्हेशन आहे का?" माझे स्नेही क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. अपमान असा कोणीच केला नव्हता. पण तीस वर्षांचे 'काका' एका शब्दात 'सर' झाले होते. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "अरे, त्याची काही चूक नाही. त्याला मी कोण ते ठाऊक नाही, आणि मला आता ते सांगायचं नाही."

सहा महिन्यांत नेहमीची मंडळी पांगली. ज्यांच्यासाठी हा खर्च केला ते तरुण गिऱ्हाईकही फार दिवस टिकले नाही. दोन स्थानके पलीकडे याहून झगझगीत जागा उघडली आणि ते तिकडे गेले. मालक आता जुन्यांना निरोप पाठवीत आहे, त्यांच्यासाठी दुपारचे वेगळे दर ठेवीत आहे. ते येत नाहीत.

ऑर्वेलचा निबंध वरवर वाचला तर या घटनेचा उलगडा सोपा वाटतो: काचेची मेजे आली, गाणी आली, म्हणून माणसे गेली. मलाही प्रथम तसेच वाटले. पण जुनी बाके पुन्हा आणून ठेवली तर मंडळी परत येतील काय, हा प्रश्न मी माझ्या स्नेह्यांना विचारला तेव्हा त्यांनी त्या स्वच्छ काचेकडे बोट दाखवले. रस्त्यावरून जाणारा-येणारा आता आत बसलेल्यांना पाहू शकतो; सून भाजी घेऊन जाते, नातू शिकवणीहून येतो. तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरी लपवली नव्हती, पण दाखवलीही नव्हती. इंग्रजांच्या पबला ही अडचण नाही, ती आमची आहे, आणि तिचा उगम कायद्यात आहे. मुंबईत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी अमलात आली. त्याच १९५० साली अंधेरी बृहन्मुंबईत आली; बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. पुढे साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. परंतु पिणाऱ्याजवळ परवाना असला पाहिजे हे तत्त्व कायद्यात आजही आहे, आणि 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच पडले. चाळीतला कठडा आणि कोपऱ्यावरचा इराणी मागे सोडून जी माणसे या नव्या उपनगरांत आली, त्यांच्या हाती बसण्याची जागा म्हणून पुढे जी आली तिच्या पाटीवरच अपराधाची खूण होती. काळी काच ही त्या खुणेचे वास्तुरूप होय. ती काढताना मालकाने उजेड आत आणला खरा; पण त्या उजेडात बसण्याची सवय त्याने कोणालाच लावली नव्हती.

या बाबतीत आपल्या साहित्याने काय केले, हेही पाहिले पाहिजे. आपली भाषाच साक्ष देते. 'गुत्ता' हा शब्द मुळात मक्त्याचा. 'अड्डा' आणि 'पिठा' हे त्याचे सोबती. या तिन्ही शब्दांत बसलेल्या माणसाविषयी आपुलकीचा लवलेश नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. त्यातल्या सुधाकराचा ऱ्हास आणि सिंधूचे दुःख यांनी मराठी घराला जे शिकवले ते खोटे नव्हते, आणि ते विसरावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच नाटकातील 'आर्यमदिरामंडळ' पाहा. सभासंमेलनांची टिंगल म्हणून ते प्रवेश अजोड आहेत. परंतु तेथे जमणाऱ्यांना एकत्र ठेवणारी वस्तू एक प्यालाच. त्यातील तळीराम तर इतका जिवंत उतरला की त्याचे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. वर्तमानपत्रे आजही पिणाऱ्याला 'तळीराम' म्हणतात. नाटककाराला याहून मोठा मान कोणता? भाषेचे मात्र यात थोडे नुकसान झाले. करुण आणि विनोदी अशी दोन चित्रे तिच्या हाती राहिली. दोन पेल्यांवर दोन तास बसून, बिल देऊन, नीट घरी जाणारा जो साधा माणूस, त्याच्यासाठी नाव उरले नाही. ज्याला नाव नाही तो नाहीसा झाला तर त्याची नोंद कोण करणार?

चहाच्या बैठकीचे नशीब त्या मानाने बरे. इराण्याच्या हॉटेलावर दोन मोठ्या कवींची दृष्टी गेली. निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविता केली, ती सारी अशा हॉटेलातील सूचनाफलकाच्या शब्दांचीच आहे. काय करू नये याची ती एक यादी होय. वाचक हसतो. पण त्या यादीत गिऱ्हाइकाच्या बसण्यावरही निर्बंध आहे, आणि ज्या अर्थी निर्बंध लिहून लावावा लागला त्या अर्थी लोक बसत होते, हे हसण्याच्या भरात निसटते. अरुण कोलटकरांचे तर अर्धे आयुष्य अशा मेजांवर गेले. काळाघोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये ते वर्षानुवर्षे बसत. खिडकीतून दिसणारा चौक, झाडणाऱ्या बाया, रस्त्यावरची मुले आणि कुत्री हे सारे त्यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काळा घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात आले आहे. ते उपाहारगृह बंद पडून तेथे नव्या धर्तीचे दुसरे आले तेव्हा कोलटकरांना आपले मेज हलवावे लागले. कवीला जागा दुसरीकडे मिळते. जे कवी नसतात त्यांचे काय होते हे अंधेरीत दिसले.

तथापि एकच बाजू मांडून न्याय होत नाही. कायापालट झाला की जुनी मंडळी जातातच, असा काही सृष्टिनियम नाही. कुलाब्याचे 'मोंडेगार' हे १९३२ साली निघालेले इराणी हॉटेल. ते पुढे बिअरचे झाले, आणि त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रे आली. बदल लहान नव्हता. पण त्या चित्रांत मुंबईचीच माणसे होती, आणि तेथे बसलेल्याला आपण परक्या घरी आलो असे वाटण्याचे कारण नव्हते. याच्या उलट, जुनेपणाही विकता येतो. आमच्या इराणी हॉटेलांचे रूप घेऊन लंडनमध्ये 'डिशूम' हे उपाहारगृह २०१० साली निघाले आणि त्याच्या शाखा वाढत गेल्या. इकडे धोबीतलावावरचे खरे 'बास्तानी' २००४ साली बंद पडले होते. ऑर्वेलच्या वाट्याला तर याहून मोठा विनोद आला. त्याच्या त्या नसलेल्या, लहानशा, आडगल्लीतल्या मद्यगृहाचे नाव इंग्लंडमधील एका मोठ्या साखळीने आपल्या अनेक पबांना दिले. त्यांपैकी मँचेस्टरमधील एक १९९५ साली एका जुन्या सिनेमागृहात उघडले आणि त्या देशातील सर्वांत मोठ्या पबांत त्याची गणना झाली. एवढ्या गर्दीत कोणाला कोण नावाने ओळखणार?

ऑर्वेलच्या निबंधातील उणीव मला येथेच जाणवते. त्याने मेजे मोजली, पेले मोजले, गिऱ्हाइकांची मने ओळखली. पण मालकाचा हिशेब त्याने कोठेच मांडला नाही. अंधेरीच्या मालकाचा हिशेब काय होता? मरोळचे कितीतरी कारखाने गेले, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. मुलुंड-भांडुपच्या लालबहादुर शास्त्री मार्गावरही तेच झाले. पाळी सुटल्यावर येणारा कामगार हा ज्याचा आधार होता, त्याचा तो आधार कायापालटाच्या पुष्कळ आधीच निखळला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई झाली, तेव्हा पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या अनेकांचा धंदा, तो निर्बंध सैल होईपर्यंत, बसला. २०२० च्या टाळेबंदीत तर सर्वच दारे बंद झाली. परवान्याचे शुल्क आणि जागेचे भाडे मात्र वाढतच राहिले. दोन तासांत दोन पेले घेणाऱ्या सहा वृद्धांवर हा डोलारा उभा राहत नाही. मालकाने हौसेने जागा बदलली असे म्हणणे अन्यायाचे होईल. बुडत्याने जी काडी हाती लागली ती धरली.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्यासारख्या पुरुष लेखकांना सांगणे जड जाते. त्या जुन्या जागेत, मी पाहिले तितक्या वर्षांत, एकही स्त्री बसलेली मी पाहिली नाही. माडीवर 'फॅमिली रूम' अशी पाटी होती, पण तेथे रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवीत. ऑर्वेलने बाग आणि झोपाळे यांचा आग्रह धरला तो उगाच नव्हे. मुलांना आणि त्यांच्याबरोबर स्त्रियांनाही बाहेर ठेवले की बैठकीचा नुसता गुत्ता होतो, असे त्याचे स्पष्ट मत आहे. आज त्या स्वच्छ काचेआड कचेरीतून सुटलेल्या चार मुली हसत-बोलत, निर्धास्तपणे बसलेल्या दिसतात. ज्या काचेने माझ्या स्नेह्यांना घालवले तिनेच त्यांना आत येऊ दिले आहे, कारण रस्ता जेथून दिसतो तेथे भय कमी वाटते. सिंधूच्या बाजूने विचार करणाऱ्याने ही काच पुन्हा काळी करा असे म्हणू नये. मीही म्हणत नाही.

मग गेले ते काय? याचे उत्तर मला एका मृत्यूने दिले. नेहमीच्या मंडळींत टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पत्नी निवर्तलेली, मुलगा परदेशी. घरी ते एकटेच. पूर्वी ते दोन दिवस दिसले नाहीत की वृद्ध वेटर तिसऱ्या दिवशी दुपारी पोऱ्याला त्यांच्या इमारतीत पाठवी. एकदा तापाने फणफणलेले असताना त्याच पोऱ्याने डॉक्टर आणला होता. कायापालटानंतर मंडळी पांगली, तसे तेही घरी बसू लागले. गेल्या पावसाळ्यात ते वारले. माझ्या स्नेह्यांना ही बातमी तेरावा होऊन गेल्यावर, रेशनच्या दुकानात, कोणा तिऱ्हाइताकडून कळली. त्या दिवशी ते फार बोलले नाहीत. "आपण रोज जात असतो, तर कळलं असतं," एवढेच म्हणाले.

ऑर्वेलने दहा गुण मोजले; अकरावा त्याने मोजला नाही, पण तो त्या दहांच्या मुळाशी आहे. आपण गेलो नाही तर कोणाच्या तरी ध्यानात येईल, अशी जागा मनुष्याला घराबाहेर एखादी तरी हवी. नावाने हाक मारणे, तीच खुर्ची, न सांगता येणारा पेला हे सारे त्या एका गोष्टीचे बाह्य उपचार होत. लाकूड व्हिक्टोरियाच्या काळचे असो की कालचे, याने त्यात फरक पडत नाही. माणसे बदलली, वाढणारा बदलला आणि बसण्याची मुदत ठरली की फरक पडतो. मालकाने भिंती बदलल्या असत्या आणि तो वृद्ध वेटर ठेवला असता, चार मेजे बेताच्या उंचीची व गाणी बेताच्या आवाजात ठेवली असती, तर माझ्या समजुतीने त्या मुलीही आल्या असत्या आणि हे वृद्धही राहिले असते. खर्च त्यात कमीच झाला असता. आपल्या लेखकांनीही या माणसाकडे तळीरामाच्या चष्म्याविना एकदा पाहावे. तो सापडायला दूर जावे लागणार नाही.

निबंध पुन्हा वाचून झाल्यावर मी एका संध्याकाळी एकटाच त्या जागी गेलो. सोडा मागवला. गाण्यांचा आवाज त्या दिवशी कमी होता. पूर्वी ज्याने 'सर' म्हणून विचारले होते तोच मुलगा पेला ठेवून थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मागे तुमच्याबरोबर एक काका यायचे ना? ते नाही आले बरेच दिवस."

मी सांगितले, गुडघा दुखतो आहे त्यांचा. त्या उंच तिवईवर बसवत नाही. तो आत गेला आणि भटारखान्यातून एक साधी, पाठीची खुर्ची घेऊन आला. "ही ठेवतो इथे," तो म्हणाला. खुर्ची रिकामीच होती. पण मी घरी जाताना त्यांच्या दारावरून गेलो आणि त्यांना हे सांगितले.